कानाचा कासरा

कान म्हणजे आवाजाचा दरवाजा. आवाज आत आला की त्याने तो मेंदूकडे पोचता करायचा, एवढेच आपण शाळेत शिकलो. पण मेंदूसुद्धा कानाकडे उलट हुकूम धाडतो, हे वाचले आणि मी चकित झालो. कलाशाखेच्या विद्यार्थ्याला ही उठाठेव कशाला, असे मित्र म्हणाले. म्हणोत बापडे.

आंतरकर्णात गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली एक नळी असते. तिच्यातील काही पेशींच्या माथ्यावर अतिसूक्ष्म केस असतात, म्हणून त्या रोमपेशी. एका कानात आतल्या रांगेत सुमारे ३,५०० आणि बाहेरच्या तीन रांगांत सुमारे १२,०००. गंमत अशी की मेंदूकडे बातमी नेणारे बहुतेक सगळे मज्जातंतू आतल्या थोड्या पेशींनाच जोडलेले आहेत. मग बाहेरची एवढी फौज कशासाठी? तर या पेशी चक्क नाचतात! आवाजाच्या तालावर आखूड-लांब होऊन त्या बारीक आवाजाला बळ देतात. ब्राउनेल यांनी १९८५ साली ही हालचाल दाखवून दिली.

बैल जोमदार असला की हाती कासरा हवाच. मेंदूच्या देठापासून कानाकडे येणाऱ्या तंतूंची जुडी रासमुसेन यांनी १९४६ साली वर्णिली. पुढे १९५६ साली गॅलंबॉस यांनी मांजरात या तंतूंना विजेचा प्रवाह दिला, तेव्हा कानाकडून मेंदूकडे जाणारे संदेश मंदावले. कासरा आवरण्यासाठी आहे, हे त्यावरून कळले.

हे घडते कसे? तंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलिन नावाचे द्रव्य बाहेरच्या रोमपेशीवर पडते. हेच द्रव्य दंडाच्या स्नायूला आकुंचित करते, पण येथे ते शांत करते. त्याने पेशीचे एक दार उघडते व कॅल्शियम आत शिरते. हे कॅल्शियम शेजारचे दुसरे दार उघडते आणि त्यातून पोटॅशियम बाहेर पडते. पेशीचा विद्युतभार उतरतो, नाच मंदावतो, आवाजाची वाढ कमी होते. पहिल्या दाराचा महत्त्वाचा घटक १९९४ साली एल्गोयेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखला.

नाचणाऱ्या पेशी स्वतःही अगदी मंद ध्वनी काढतात. केंप यांनी १९७८ साली तो टिपला. नवजात बाळाची श्रवणचाचणी आता यावरच होते, बाळाने उत्तर देण्याची गरज नाही. दुसऱ्या कानात खळखळाट ऐकवला तर हा ध्वनी किंचित घटतो. कासरा ओढला गेल्याची ती खूण!

गोंगाटात समोरच्याचे बोलणे वेगळे काढायला हा कासरा मदत करतो, असे शास्त्रज्ञ मानतात. ज्या गिनिपिगांमध्ये तो जोरकस होता, त्यांचे कान मोठ्या आवाजाने कमी बिघडले, असे २००० साली दिसून आले. पण त्याला मर्यादा आहेत. तो ओढला जायला सेकंदाचा सुमारे दहावा हिस्सा लागतो, तोवर सुतळी बॉम्बचा धमाका होऊन गेलेला असतो. आणि माणसाची मेलेली रोमपेशी पुन्हा उगवत नाही.

आमच्या वाशीम जिल्ह्यात कारंजा ही कापसाची जुनी बाजारपेठ. माझे काका तिथल्या एका जिनिंगमध्ये तीस वर्षे रेच्याजवळ उभे राहिले. घरात बोललेले त्यांना कळते, आठवडी बाजारात मात्र ते नुसते ओठांकडे पाहतात. मजुरांना कानात घालायची चांगली बुचे मिळाली पाहिजेत. काका कानात कापसाचे बोळे घालीत. तिथे कापसाला तोटा नव्हता, उपयोग मात्र थोडाच झाला.