एक इंच एक सूत

सायकल सुधारायची की दुसरी घ्यायची, हा प्रश्न लोक दुकानाची पायरी चढतानाच विचारतात आणि उत्तर स्वतःच देतात, खिसा चाचपून. जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यात ज्या मिस्त्रीच्या बाकावर मी बसतो, तो खिशाचं विचारत नाही. आधी मागचं चाक काढतो.

त्या दिवशी भाच्याची एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, उलटी करून ठेवली होती. २६ इंची चाकं, पुढे तीन आणि मागे सात गिअर, स्प्रिंगचा फोर्क, रिमवर दाबणारे व्ही-ब्रेक. कॉलेजातल्या बहुतेक पोरांकडे असते तशी. तक्रार दोन गोष्टींची. उतारावर मागचं चाक डोलतं आणि चढावर चेन सटकते. उपाय मात्र भाच्याने आधीच ठरवून आणले होते: मागे नऊ गिअर, हवेवरचा फोर्क, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. ‘‘मामा, एवढं करून घेतलं की नवीन कशाला लागतेय?’’

मिस्त्रीने फ्रीव्हीलच्या खाचांत पुलर बसवला, तो व्हाइसमध्ये आवळला आणि अख्खं चाकच ट्रकच्या स्टिअरिंगसारखं धरून डावीकडे रेटलं. पहिल्यांदा काही झालं नाही. फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसतं आणि प्रत्येक पॅडलबरोबर आणखी आवळलं जातं, त्यामुळे ते सुटायला चालवणाऱ्याच्या सगळ्या चढांचा हिशेब उलटा फेडावा लागतो. दुसऱ्या झटक्याला ‘कट्ट’ असा आवाज आला. मग कोन सोडवला, छर्रे डिझेलच्या ताटलीत पडले, प्रत्येक बाजूचे नऊ, पाव इंची. ग्रीसचं काळं चिकट पाणी झालं होतं. सर्वांत शेवटी एक्सल निघाला. तो पुसून त्याने काचेच्या तुकड्यावर ठेवला आणि बोटाने ढकलला. एक्सल गडगडत गेला खरा, पण दर फेऱ्याला मधे एक फट उघडायची आणि मिटायची.

‘‘काए बड्डे, पत्थरों पे कूदत हो का?’’

भाचा माझ्याकडे बघायला लागला. मदनमहालच्या टेकडीवरचे ग्रॅनाइटचे धोंडे जबलपूरच्या प्रत्येक पोराला बोलावतात, आणि घरी ‘डुमन्याला चाललो’ असं सांगून कुठे जायचं हेही प्रत्येकाला ठाऊक असतं.

वाकलेल्या एक्सलमागे कारण आहे, आणि माझ्या मते सगळा निकाल याच जागी लागतो. आट्यांच्या फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे फ्रीव्हीलच्या आतल्या बाजूला राहतात. तिथून फ्रेमपर्यंतचा एक्सल आधाराविना लटकतो, आणि गिअर वाढवावेत तसा तो तुकडा लांबतो. उडी मारली की वाकतो तिथेच. शिमानोने १९७८ साली फ्रीहब आणला, त्यात छर्रे थेट बाहेरच्या टोकाला नेले आणि चकत्या कॅसेट म्हणून वरून सरकवल्या. म्हणजे नऊ गिअर हवे असतील तर नुसत्या चकत्या बदलून भागत नाही. नवा हब, म्हणून नवे आरे आणि विणकाम, किंवा सरळ नवं चाक. त्याच्याबरोबर नऊचा शिफ्टर, नऊची बारीक चेन, बहुधा डिरेलरही. एका इच्छेच्या मागे पाच वस्तू रांगेत उभ्या राहतात.

चेनचा निवाडा स्टीलच्या पट्टीवर झाला. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे चोवीस कड्या नेमक्या बारा इंचात बसायला हव्यात. अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पुढे गेली तर चेन बदलायची. पूर्ण सूत पुढे गेली तर तिने फ्रीव्हीलचे दातेही खाल्लेले असतात, दोन्ही बदलायचं. इथे पूर्ण सूत होतं. नवी चेन जुन्या दात्यांवर चढवली की ती सटकतेच, आणि गिऱ्हाईक दुकानदाराला शिव्या देतं. म्हणून मिस्त्री दोन्ही एकदम देतो, नाहीतर काहीच देत नाही.

फोर्कची गोष्ट लवकर संपली. मिस्त्रीने हँडल उतरवून फ्रेमची पुढची नळी दाखवली: वरून खालपर्यंत सरळ, एक इंच एक सूत जाडीच्या दांड्यासाठी. हल्लीच्या चांगल्या फोर्कचा दांडा वर तेवढाच असतो, पण खाली दीड इंच होतो. तो या नळीत शिरणारच नाही. सरळ दांड्याचा जुन्या घडणीचा फोर्क शोधून मिळेल. पण वीस मिलिमीटर जास्त उंच घेतला तर हँडलचा कोन जवळपास एका अंशाने मागे पडतो आणि त्या नळीच्या वेल्डिंगवर असा ताण येतो, ज्याचा ही फ्रेम बनवणाऱ्याने विचारच केला नव्हता. डिस्क ब्रेक बसवायला फ्रेमच्या मागच्या बाजूला कान लागतात. या फ्रेमला कानच नाहीत.

याच दुकानात पूर्वी असे प्रश्न पडत नसत. जबलपूरची गन कॅरेज फॅक्टरी १९०४ची, व्हेइकल फॅक्टरी १९६९ची. पाळीच्या वेळी शहरभर कामगारांच्या काळ्या सायकलींची रांग लागायची आणि दीक्षितपुऱ्यातल्या जुन्या मराठी घरांतलेही पुष्कळजण तीत असायचे. त्या सायकलीला लुधियानाचा एक्सल चालायचा, सोनिपतचाही चालायचा. कॉटर पिन कुठलीही घ्या, कानशीने दोन हात मारा, बसली. एक सायकल बापाची मुलाकडे जायची, कारण भाग बदलत राहायचे आणि मापं बदलत नव्हती. एमटीबीचं उलट आहे. मागच्या एक्सलची रुंदी आधी १३५, मग १४२, आता १४८ मिलिमीटर; चाकं २६वरून साडेसत्तावीस आणि एकोणतीसवर गेली. प्रत्येक मापामागे अभियांत्रिकीचं खरं कारण आहे हे मान्य, पण सुटे भाग विकणाऱ्यांचीही सोय झालीच.

गंमत अशी की, एमटीबी जन्मली तीच जुन्या सायकली सुधारण्यातून. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यातली पोरं जाड टायरच्या पुराण्या श्विन सायकली भंगारातून उचलून टेकडीवरून खाली सोडत. १९७६ साली तिथल्या ‘रिपॅक’ नावाच्या उतारावर शर्यती सुरू झाल्या. नाव पडलं ते उतरताना मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस जळून धूर निघायचा आणि खाली गेल्यावर पुन्हा भरावं लागायचं म्हणून. त्यांनी गिअर लावले, मोटरसायकलचे ब्रेक लिव्हर लावले. जुन्या फ्रेमी मात्र मोडत राहिल्या. शेवटी १९७७मध्ये त्यांच्यातल्याच जो ब्रीझने खास या कामासाठी नवी फ्रेम घडवली.

हिशेबाचं म्हणाल तर भाच्याची यादी सुट्या भावाने नव्या सायकलीच्या पलीकडे जात होती, आणि त्यात नवल नाही. कारखाना तोच फोर्क हजारोंनी घेतो, आपण एक घेतो. २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटी १२वरून ५ टक्क्यांवर आला, पण तो सायकलीवर आणि सुट्या भागांवर सारखाच, त्यामुळे पारडं कुठेच झुकलं नाही. माझं मत मी मिस्त्रीसमोरच सांगितलं: टायर, ब्रेकचे गुटके, केबल, सीट, चेन हे खुशाल बदलावं, त्याने सायकल खरोखर बदलते. इच्छा फोर्कपर्यंत किंवा मागच्या चाकापर्यंत पोचली की दुसरी घ्यावी, तीही वापरलेली, आणि पहिली बाजारहाटाला ठेवावी.

‘‘आणि ठेवायची कुठे?’’ भाच्याने विचारलं. हा प्रश्न माझ्या मतात नव्हता. दीक्षितपुऱ्यातल्या घराची ओसरी एका स्कूटरने भरते, जिना आजीने कधीच नाकारला आहे. मिस्त्रीने भिंतीतल्या हुकाकडे बोट दाखवलं. चाकाने टांगली की सायकल भिंतीवर हँडलच्या रुंदीएवढीच जागा घेते. आजीला विचारायची जबाबदारी अर्थात मामाची.

दुकानात एक वापरलेली विकायला होतीच: डिस्क ब्रेकची, फ्रीहबची, पुढची नळी खाली रुंद. भाच्याचा चेहरा उजळला. मिस्त्रीने स्वतःचाच माल असून आधी खालच्या नळीचा सांधा कपड्याने पुसून दाखवला, चीर नाही. मग सीटचा दांडा हलवायला सांगितला. हलला नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमीत दांडा वर्षानुवर्षं बिनग्रीसचा राहिला की ऑक्साइड धरून अडकतो, आणि ओढून काढताना कधी कधी फ्रेमच जाते. ‘‘ये मत लो, लंबे लड़के की है,’’ तो म्हणाला, आणि खरंच भाच्याचे पाय पॅडलला जेमतेम टेकत होते.

तेव्हा जुनीला नवा एक्सल, छर्रे, फ्रीव्हील, चेन आणि ब्रेकचे गुटके एवढं बसवलं. चाकाचा आउट, म्हणजे डोल, काढला. बिल नव्या फोर्कच्या जवळपासही गेलं नाही. पैसे घेताना मिस्त्रीने अट घातली: पुढची सायकल मिळेपर्यंत डुमन्याचा रस्ता चालेल, मदनमहालचे धोंडे नाहीत, आणि एक्सल पुन्हा वाकला तर तो आणून दाखवायचा, म्हणजे खोटं बोलायला जागा राहणार नाही.