भुलीच्या कोर्सची वाट लोहाऱ्यातून कुठून जाते

बारावीचा निकाल लागला की यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्यात, एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या एखाद्या घरातून हमखास विचारणा होते : 'पोरीले भूल द्याचा कोर्स कराचा हाय, फॉर्म कुठी भेटन?' विचारणाऱ्याच्या मोबाइलवर बहुतेक वेळा अमेरिकेतल्या 'नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट'चा व्हिडिओ असतो, पगाराचा आकडा डॉलरमध्ये असतो आणि खाली कुठल्या तरी संस्थेचा नंबर दिलेला असतो. पोरींची इच्छा खरी आहे आणि त्या मेहनतीला कमी पडणाऱ्या नाहीत. म्हणूनच अर्धवट माहितीपायी त्यांची उमेदीची वर्षं आणि आईबापांनी जमवलेला पैसा वाया जाऊ नये, असं मनापासून वाटतं.

सगळ्यात मोठा गैरसमज आधी घेऊ : नर्सिंग झालं की वर्षभराचा भुलीचा कोर्स करायचा आणि मग ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, आपण भूल द्यायची. भारतात अशी सोय नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलने ठरवून दिलेल्या अभ्यासक्रमांमध्ये क्रिटिकल केअर नर्सिंग आहे, ऑपरेशन रूम नर्सिंगचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे. पण नर्सला स्वतंत्रपणे भूल देण्याचा अधिकार देणारा अभ्यासक्रम नाही. आपल्याकडे भूल देणं हे डॉक्टरचं काम आहे. एमबीबीएस करायचं, त्यानंतर भूलशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा करायचा, असा तो रस्ता आहे.

ग्रामीण भागात भूलतज्ज्ञ मिळत नाहीत म्हणून सिझेरियनची बाई तालुक्याहून जिल्ह्याला पाठवावी लागते, हे विदर्भातल्या कुणाला सांगायला नको. ही अडचण सरकारलाही ठाऊक होती. त्यावर उपाय म्हणून 'लाइफ सेव्हिंग अ‍ॅनेस्थेटिक स्किल्स' नावाचं प्रशिक्षण निघालं. सुरुवातीला ते १८ आठवड्यांचं होतं आणि बाळंतपणातल्या तातडीच्या शस्त्रक्रियांपुरती भूल देता यावी एवढाच त्याचा हेतू होता. पण तेही दिलं गेलं एमबीबीएस डॉक्टरांना. एवढी टंचाई असतानाही शासनाने हे काम नर्सकडे सोपवलं नाही. त्यामुळे 'सहा महिन्यांत भूल देणारी नर्स व्हा' असं कुणी सांगत असेल, तर ते प्रमाणपत्र कुठल्या कायद्याने चालतं, हे त्याला पहिल्याच भेटीत विचारा.

मग अमेरिकेत नर्सेस भूल कशा देतात? त्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या सर्जनना भुलीसाठी पूर्ण वेळ लक्ष देणारं माणूस हवं होतं. शिकाऊ डॉक्टरांचं लक्ष शस्त्रक्रियेकडे असायचं, रुग्णाच्या श्वासाकडे नसायचं. ते काम नर्सेसनी उचललं. मेयो क्लिनिकमधल्या अ‍ॅलिस मॅगॉ या नर्सने १९०६ मध्ये आपण दिलेल्या १४ हजारांहून अधिक भुलींचा आढावा प्रसिद्ध केला. भुलीमुळे झालेला एकही मृत्यू त्यात नव्हता. १९०९ मध्ये ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड इथे नर्सेससाठी भुलीची शाळा सुरू झाली. हे काम म्हणजे डॉक्टरी आहे, नर्सेसना ते करता येणार नाही, असा वाद केंटकीच्या न्यायालयात गेला आणि १९१७ मध्ये निकाल नर्सेसच्या बाजूने लागला. १९३१ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. आपली वैद्यकीय चौकट मात्र ब्रिटिशांकडून आली. तिथे १८५३ मध्ये व्हिक्टोरिया राणीला बाळंतपणात क्लोरोफॉर्म देणारे जॉन स्नो डॉक्टर होते आणि पुढेही हा प्रांत डॉक्टरांकडेच राहिला. अमेरिकेत भुलीची पदवी मिळवलेली नर्स भारतात परतली तरी त्या पदवीच्या बळावर तिला इथे भूल देता येणार नाही, कारण इथल्या कायद्यात त्या पदाला जागाच नाही.

दुसरा घोळ ओटीतल्या तंत्रज्ञांबाबत होतो. 'अ‍ॅनेस्थेशियात बीएस्सी केलं म्हणजे भूलतज्ज्ञ झालो' असं मुलांना सांगितलं जातं. हा अभ्यासक्रम खरा आहे आणि चांगलाही आहे, पण काम वेगळं आहे. ते काय असतं हे सकाळी आठ वाजता कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या ओटीत दिसतं. पहिला रुग्ण टेबलावर येण्याआधी तंत्रज्ञ भुलीचं यंत्र तपासतो. पाइपलाइनमधला ऑक्सिजनचा दाब बघतो, ती बंद पडली तर हाताशी असावं म्हणून काळ्या अंगाचं आणि पांढऱ्या खांद्याचं सिलिंडर उघडून त्यात किती ऑक्सिजन उरलाय ते पाहतो. नळ्या जोडून गळती आहे का ते तपासतो. रुग्णाच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारा सोडा लाइम पांढऱ्याचा जांभळट झाला असेल तर बदलतो. लॅरिंगोस्कोपचा दिवा लावून बघतो, श्वासनलिकेत घालायच्या नळ्या लहान-मोठ्या मापात मांडतो, सक्शन चालू करून कानाने आवाज ऐकतो. यातलं एखादं राहून गेलं आणि ऐन वेळी रुग्णाचा श्वास अडला, तर हाताशी मिनिटं फार थोडी असतात. म्हणून हा माणूस ओटीत मोलाचा आहे. औषध कोणतं, किती आणि केव्हा द्यायचं, हा निर्णय मात्र त्याचा नाही.

या शिक्षणाच्या वाटा सरळ आहेत. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बीपीएमटी पदवीत भूल तंत्रज्ञ ही एक शाखा आहे : तीन वर्षांचा अभ्यास आणि वर्षभराची इंटर्नशिप. एम्स संस्थांमध्ये ऑपरेशन थिएटर आणि अ‍ॅनेस्थेशिया टेक्नॉलॉजीची बीएस्सी आहे, तिला एम्सची स्वतंत्र प्रवेशपरीक्षा असते. दोन्हींसाठी बारावी विज्ञान शाखेतून लागते. २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने या तंत्रज्ञांच्या व्यवसायाला पहिल्यांदाच देशपातळीवर कायदेशीर ओळख दिली. आखाती देशांतही या कामाला मागणी असते, फक्त तिथली परवाना परीक्षा द्यावी लागते. ज्यांना यंत्रांची आवड आहे, त्यांनी ही वाट दुय्यम समजू नये.

'भूल म्हणजे काय, एक सुई टोचायची' असं म्हणणाऱ्यांसाठी सिझेरियनचं उदाहरण पुरेसं आहे. कमरेतून भूल द्यायची म्हणजे मणक्यांच्या खालच्या फटीतून बारीक सुई आत न्यायची आणि पाण्यासारखा स्वच्छ द्रव थेंबथेंब बाहेर आला की औषध सोडायचं. खरं काम इथून सुरू होतं. पाय जड होतात, रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब खाली येतो. पुष्कळदा मॉनिटरवर आकडा दिसण्याआधी बाईच सांगते, 'मळमळतंय.' अनुभवी भूलतज्ज्ञ तेवढ्यावरून ओळखतो. उजव्या कुशीखाली आधीच उशी सरकवलेली असते, गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडू नये म्हणून. सलाइनचा वेग वाढतो, रक्तदाब चढवणारं औषध शिरेतून जातं, आणि हे सगळं बाईशी बोलत, तिला धीर देत चालू असतं. भूल जास्त वर चढली तर श्वास घ्यायला त्रास होतो आणि मग पूर्ण भुलीची तयारी क्षणात करावी लागते. या विद्येला वर्षं का लागतात, हे टेबलाच्या डोक्याच्या बाजूला उभं राहिलं की कळतं.

आता अमेरिकेचं. जाहिरातींत सर्वाधिक दिशाभूल होते ती इथे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा करून नर्स झालात म्हणजे पुरेसं नाही. तिथल्या भुलीच्या शाळेत प्रवेशाला पदवी लागते. जीएनएम झालेल्यांना आपल्याकडे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करून पदवी मिळवता येते, पण ज्या मुलीच्या मनात बारावीलाच हे स्वप्न आहे तिने थेट चार वर्षांच्या बीएस्सी नर्सिंगचा विचार करावा. त्यासाठी बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवेत. खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के गुण हवेत. राज्यातली प्रवेशपरीक्षा सीईटी कक्ष घेतो. जीएनएमला कला शाखेतूनही जाता येतं, म्हणून अनेक पालक सोपं म्हणून तिकडे वळतात. नोकरीसाठी ते ठीक आहे. अमेरिकेतल्या भुलीच्या शाळेचं स्वप्न असेल तर तो वळसा ठरतो.

पदवीनंतरचा टप्पा म्हणजे एनसीएलईएक्स ही परीक्षा आणि तिथल्या एखाद्या राज्याचा नर्सिंग परवाना. मग व्हिसा. भारतात जन्मलेल्या अर्जदारांची ग्रीन कार्डाची रांग वर्षानुवर्षांची आहे, आणि कुणीही एजंट ती छोटी करू शकत नाही.

यापुढची अट जाहिरातीत जवळजवळ कधीच सांगितली जात नाही. तिथल्या भुलीच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था किमान एक वर्ष पूर्णवेळ अतिदक्षता विभागातला अनुभव मागते, आणि तो अनुभव अमेरिकेत, तिच्या ताब्यातल्या प्रदेशांत किंवा परदेशातल्या अमेरिकी लष्करी रुग्णालयात मिळवलेला असावा लागतो. सावंगी, सेवाग्राम किंवा नागपूरच्या आयसीयूत पाच वर्षं जीव ओतून काम केलं असेल, तरी त्या अटीपुरती ती वर्षं धरली जात नाहीत. ती फुकट गेली असं मात्र नाही. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण सांभाळणं, रक्तदाबाची औषधं मिनिटामिनिटाला कमीजास्त करणं, धमनीतल्या नळीवरून दाब वाचणं हेच तिथे विचारतात, आणि हे हात इथेच तयार होतात. ओटीत सर्जनला साहित्य देण्याचा अनुभव म्हणजे भुलीच्या जवळचा अनुभव, असं मानणाऱ्या मुली खूप आहेत. निवड करणाऱ्यांना मात्र अस्थिर रुग्णाला स्वतः सांभाळल्याचा पुरावा हवा असतो, आणि तो सहसा आयसीयूतच मिळतो.

एका वर्षावर प्रवेश मिळेल, हाही भ्रमच. ती फक्त उंबरठ्याची अट आहे. अर्ज करणाऱ्यांकडे बहुतेकदा त्याहून जास्त अनुभव असतो, अनेकींकडे सीसीआरएन हे अतिदक्षता नर्सिंगचं प्रमाणपत्र असतं. रसायनशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, औषधशास्त्र यांतले गुण बारकाईने पाहिले जातात. मुलाखतीत 'तुम्हाला हे का करायचंय' यासोबतच 'नॉरएपिनेफ्रिन हृदयावर काय करतं' असं थेट विचारलं जातं. एखाद्या नर्स अ‍ॅनेस्थेटिस्टच्या सोबत राहून तिचं काम पाहिलंय का, हेही अनेक ठिकाणी विचारतात.

पूर्वी तिथे पदव्युत्तर पदवी पुरत असे. २०२२ पासून प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टरेट पातळीचाच अभ्यासक्रम करावा लागतो, किमान ३६ महिन्यांचा. त्यात कमीत कमी ६०० भुली आणि २,००० तासांचं प्रत्यक्ष काम पूर्ण करावं लागतं. शेवटी राष्ट्रीय परीक्षा असते. या काळात नोकरी करता येणं जवळपास अशक्य असतं, आणि बऱ्याच ठिकाणी एकूण फी एक लाख डॉलरच्या वर जाते. पगाराचा आकडा दाखवणाऱ्याने हाही आकडा दाखवला पाहिजे.

इंग्लंडची वाट वेगळी आहे. तिथे 'अ‍ॅनेस्थेशिया असोसिएट' हे पद आहे. ते भूलतज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करतात, आणि डिसेंबर २०२४ पासून त्यांची नोंदणी तिथली जनरल मेडिकल कौन्सिल करते.

इथेच राहायचं असेल, तर नर्ससाठी सर्वांत जवळचं मोठं शिक्षण म्हणजे नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा हा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. प्रवेशाला बीएस्सी नर्सिंग आणि किमान एक वर्षाचा रुग्णालयातला अनुभव लागतो, आयसीयूतला असेल तर उत्तम. ही भुलीची पदवी नाही. पण ज्या मुलीला गंभीर रुग्णाचा श्वास, रक्तदाब आणि औषधं यांच्याशी झुंजायची ओढ आहे, तिची ओढ इथे पुरी होते. याची माहिती आपल्या भागात फारच कमी पोचली आहे, याची खंत वाटते.

'हे मुलींचंच काम' असं अजूनही बोललं जातं, ते चूक आहे. नर्सिंगला मुलांनाही प्रवेश मिळतो, आणि आयसीयूत ब्रदर आता नवल राहिलेले नाहीत.

राहिला कॉलेज निवडायचा प्रश्न. 'सरकारमान्य' असा फलक पाहून पैसे भरू नका. नर्सिंगचं कॉलेज असेल तर इंडियन नर्सिंग कौन्सिल, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ या तिघांच्या संकेतस्थळांवर त्या वर्षासाठी त्याचं नाव आहे का ते तपासा. तंत्रज्ञाच्या पदवीसाठी विद्यापीठाची संलग्नता बघा. यवतमाळातच १९८९ पासून श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. लोहाऱ्याहून रिक्षाने तिथे जाऊन भूलशास्त्र विभागात कोणते अभ्यासक्रम चालतात हे विचारायला फार वेळ लागत नाही. ज्या कॉलेजात प्रवेश घ्यायचा त्याला तीन गोष्टी विचारा : रुग्णालय स्वतःचं आहे की दुसऱ्याचं, आयसीयूत व्हेंटिलेटर किती आहेत, आणि विद्यार्थ्यांचं आयसीयूतलं पोस्टिंग किती आठवड्यांचं असतं. उत्तर देताना कुणी अडखळलं, तर फी भरण्याआधी तिथे शिकणाऱ्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींना गाठून हेच प्रश्न पुन्हा विचारा.