विश्लेषण : मोटार दमली, हे चुंबक कसे सांगते?

पिठाच्या गिरणीत व्होल्टेज घसरले किंवा दाण्यांचा भार वाढला, तरी दळण सुरूच राहते. मोटार मात्र आतून तापत जाते. जळण्याआधी तिचा वेग घटतो. तो नुसत्या डोळ्यांना कळत नाही. ‘हॉल सेन्सर’ला कळतो.

हॉल सेन्सर म्हणजे काय?
वीज वाहणाऱ्या पट्टीजवळ चुंबक आणले, की तिच्या दोन कडांमध्ये सूक्ष्म व्होल्टेज तयार होते. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ एडविन हॉल यांना हे १८७९ मध्ये आढळले. मोटारीच्या पुलीवर छोटे चुंबक घट्ट बसवले आणि समोर सेन्सर ठेवला, की दर फेरीला विजेचा एक ठोका मिळतो. प्रकाशावर चालणारा सेन्सर पिठाच्या धुळीने आंधळा होतो. चुंबकाला धूळ आड येत नाही.

गणित कसे?
सेकंदाचे ठोके गुणिले ६० म्हणजे मिनिटाच्या फेऱ्या. २४ ठोके म्हणजे १४४० आरपीएम, २३ म्हणजे १३८०. मधला वेग या मोजणीत निसटतो. म्हणून दोन ठोक्यांमधला वेळ मोजतात : १४४० ला ४१.७ मिलिसेकंद, १३८० ला ४३.५.

एका ठोक्याने काय बिघडते?
५० हर्ट्झवर चार पोलच्या इंडक्शन मोटारीत चुंबकीय क्षेत्र १५०० आरपीएमने फिरते. रोटर ६० फेऱ्यांऐवजी १२० ने मागे पडला, तर त्यातली उष्णता साधारण दुप्पट किंवा त्याहून जास्त होते. तेव्हाच भार कमी केला किंवा मोटार थांबवली, तर रिवाइंडिंगचा खर्च टळू शकतो.