वसंतातील पाऊस व त्याचे भाकीत

होळी पेटली की थंडी पळाली, अशी आपल्याकडील जुनी समजूत आहे. पंजाब, हरियाणा, पश्चिम उत्तर प्रदेश या गव्हाच्या मुलुखांत मात्र पुष्कळदा होळी उलटून गेल्यावरही आभाळ भरून येते, दोन दिवस पाऊस झोडपतो आणि पेटीत घडी घालून ठेवलेले लोकरीचे कपडे पुन्हा बाहेर काढावे लागतात. मार्च २०२३ मध्ये असेच घडले. आणि ते घडण्यापूर्वी लोकांच्या मनात भीती होती ती नेमकी उलट प्रकारची, म्हणजे उन्हाची.

त्याला कारणही होते. आदल्या वर्षी, मार्च २०२२ मध्ये, देशाचे सरासरी कमाल तापमान ३३.१ अंश सेल्सिअसपर्यंत चढले. १९०१ पासूनच्या नोंदींत इतका तप्त मार्च तोवर आढळला नव्हता. पाऊसही नेहमीपेक्षा ७१ टक्के कमी पडला. गव्हाचा दाणा भरण्याआधीच सुरकुतला आणि १३ मे २०२२ रोजी गव्हाच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली. पुढे फेब्रुवारी २०२३ हाही दिवसाच्या तापमानाचा उच्चांक गाठून सरला. अशा वेळी, २८ फेब्रुवारी २०२३ रोजी, भारतीय हवामानखात्याने मार्च ते मे या तीन महिन्यांचे भाकीत प्रसिद्ध केले. ईशान्य, पूर्व व मध्य भारतातील बहुतेक भागांत आणि वायव्येच्या काही भागांत दिवस नेहमीपेक्षा अधिक तापण्याची शक्यता त्यात वर्तविली होती. मार्चमधील देशाचा पाऊस सर्वसाधारण, म्हणजे दीर्घकालीन सरासरीच्या ८३ ते ११७ टक्के राहील, असा अंदाज होता. ही सरासरी सुमारे ३० मिलिमीटर आहे. प्रत्यक्षात ३७.६ मिलिमीटर, म्हणजे २६ टक्के अधिक पाऊस पडला. आणि तो एकटा आला नाही, वारा व गारा घेऊन आला.

हा पाऊस मोसमी वाऱ्यांचा नव्हे. त्याचा उगम दूर पश्चिमेस, भूमध्य समुद्राच्या आसपास असतो. तेथे निर्माण झालेले कमी दाबाचे प्रदेश पूर्वेकडे सरकत, वाटेत कॅस्पियन समुद्राची आणि पुढे अरबी समुद्राची आर्द्रता घेत, काही दिवसांत आपल्या वायव्य सीमेवर येऊन ठेपतात. यांनाच हवामानशास्त्रात पश्चिमी विक्षोभ म्हणतात. नाव जरा भारदस्त आहे. उत्तरेकडील शेतकरी त्यांपासून मिळणाऱ्या हिवाळी पावसाला ‘मावठ’ एवढेच म्हणतो. या विक्षोभांना वाहून आणणारा वारा जमिनीवर नसतो. सुमारे नऊ ते बारा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगाने वाहणारा जेटप्रवाह त्यांचा वाहक होय. हिवाळ्यात हा प्रवाह हिमालयाच्या दक्षिणेकडून वाहतो आणि उन्हाळा वाढेल तसा उत्तरेकडे सरकतो. ज्या वर्षी तो दक्षिणेस रेंगाळतो, त्या वर्षी वसंतातही विक्षोभांची ये-जा चालू राहते.

विक्षोभाबरोबर गारवा कसा येतो, हे पाहणे मनोरंजक आहे. कारण आरंभी तो येतच नाही. ढग जमू लागले की रात्री उलट उबदार होतात. जमिनीतून रात्री निसटून जाणारी उष्णता ढगांच्या आवरणाने अडविली जाते. दिवस मात्र थंड होतो, कारण तेच ढग सूर्यकिरणे अडवितात. भिजलेल्या जमिनीतील पाण्याची वाफ होण्यातही उष्णता खर्ची पडते. विक्षोभ पुढे गेला, आकाश निवळले, की बर्फाच्छादित डोंगरांकडून कोरडे वारे सुटतात आणि मग रात्रीचा पारा घसरतो. साधा तापमापक अंगणात टांगून चार-पाच दिवस सकाळ-संध्याकाळ नोंद ठेवणाऱ्या विद्यार्थ्यास हा सारा क्रम स्वतः पडताळून पाहता येईल.

डोंगरांत याच विक्षोभांपासून बर्फ पडते. ते वितळून सतलजमध्ये उतरते आणि भाक्रा धरणास मिळते. मैदानातील गव्हाचा हिशेब अधिक गुंतागुंतीचा आहे. मार्चमध्ये ओंबीतील दाणा चिकाने भरत असतो. हवा थंड असेल तर हा काळ लांबतो आणि दाणा टपोरा होतो. उष्णतेची लाट आली तर पीक अकाली पिवळे पडते. म्हणजे गारवा हवा आणि पाऊसही थोडा चालेल. नको तो वारा. जमीन ओली, ओंबी जड आणि त्यात सोसाट्याचा वारा, असा योग आला की उभे पीक आडवे पडते. ओलसर थंड हवेत पिवळ्या तांबेऱ्यालाही फावते. २०२३ मध्ये पंजाब, हरियाणा व मध्य प्रदेशात हजारो शेतांत गहू लोळला. दाण्याची चकाकी गेली म्हणून सरकारला खरेदीचे निकष शिथिल करावे लागले. आणि तरीही सरकारी अंदाजानुसार २०२२-२३ चे देशाचे गव्हाचे उत्पादन सुमारे ११.०५ कोटी टन भरले. आदल्या, होरपळलेल्या वर्षी ते १०.७७ कोटी टन होते. ज्याचे शेत झोपले त्याला या आकड्यांनी समाधान वाटणार नाही, हे उघड आहे.

महाराष्ट्रालाही या वाऱ्यांची झळ पोहोचते. उंचावरील थंड हवा दक्षिणेस उतरून समुद्राकडून आलेल्या दमट हवेवर पसरली की विदर्भ-मराठवाड्यात गारा पडतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट अनेकांच्या स्मरणात असेल.

मग भाकीत चुकले काय? या प्रश्नाचे उत्तर भाकिताच्या भाषेत दडलेले आहे. मागील अनेक वर्षांचे तापमान चढत्या क्रमाने मांडून त्याचे तीन समान गट करतात: कमी, साधारण व अधिक. काहीच माहिती नसेल तर प्रत्येक गटाची शक्यता सुमारे ३३ टक्के. एखाद्या प्रदेशाविषयी ‘अधिक’ गटाची शक्यता ५५ टक्के दिली, तर उरलेल्या ४५ टक्क्यांतही खरे ठरण्याचा हक्क निसर्गाने सोडलेला नसतो. महासागराचे तापमान सावकाश बदलते, म्हणून त्याच्या आधारे पुढील तीन महिन्यांचा कल सांगता येतो. परंतु मार्चच्या मध्यावर पंजाबात गारा पाडणारा विक्षोभ २८ फेब्रुवारीस भूमध्य समुद्रावर जन्मलाही नव्हता.

त्याची चाहूल लागते ती चार-सहा दिवस आधी, उपग्रहांच्या चित्रांतून आणि गणकयंत्रांवर सोडविलेल्या वातावरणाच्या समीकरणांतून. ढगातील गारांचा सुगावा तर रडारला अवघ्या काही तासांपूर्वीच लागतो. शेतकऱ्याच्या उपयोगी पडते ते हे जवळचे भाकीत. पाऊस व वारा येणार असे कळले तर दाणा भरण्याच्या वेळचे पाणी त्याने रोखून धरावे, असा सल्ला कृषिहवामान केंद्रे देतात. कारण कोरड्या मातीत रोवलेले मूळ वाऱ्यापुढे अधिक टिकते. कापणी झालेली असेल तर पेंढ्या बांधून झाकण्यास तेवढाच एक दिवस हाती लागतो.