ज्येष्ठ कोणास म्हणावे?

पाणिनीच्या व्याकरणात ‘ज्येष्ठ’ हे रूप दोन शब्दांवरून सिद्ध होते. ‘वृद्ध’ यावरून व ‘प्रशस्य’ यावरूनही. काळाने वडील तो ज्येष्ठ, तसाच गुणाने वाखाणण्याजोगा तोही ज्येष्ठ. सरकारी दप्तराने यांतील पहिलाच अर्थ उचलला आहे. प्राथमिक शिक्षकांच्या बदल्यांचे वेळी जो कलह उठतो, त्याचे मूळ बरेचसे येथेच आहे, असे आम्हांस वाटते.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली जिल्हा निराळा झाला. जिल्हा परिषदा दोन, तशा शिक्षकांच्या ज्येष्ठता-याद्याही दोन. स्वतःच्या विनंतीवरून दुसऱ्या जिल्ह्यात गेलेल्या शिक्षकाचे नाव तेथील यादीत अगदी तळाशी लागते.

आमच्या पुतणसूनबाई बारा वर्षे एटापल्ली तालुक्यात शिकवीत होत्या. यजमान चंद्रपुरास, आणि तान्हे मूल आजीजवळ. अखेर बदली झाली, घरी पेढे वाटले. पुढे यादी हाती आली, तेव्हा कालपरवा नोकरीस लागलेल्यांची नावेही त्यांच्या वर होती. त्या एवढेच म्हणाल्या, “काका, संसार जुळला, पण बारा वर्षे पाटीवरची अक्षरे पुसावी तशी पुसली गेली.” आम्हांस उत्तर सुचले नाही.

जिल्ह्याच्या आतील तंटा याहून वेगळा आहे. २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासननिर्णयाने अवघड क्षेत्रात तीन वर्षे काढलेल्यास बदलीचा अधिकार दिला आणि सुगम क्षेत्रात दीर्घकाळ राहिलेल्यास जागा सोडण्यास पात्र ठरविले. शिक्षकवर्गात यास ‘खो देणे’ हे नाव पडले. पूर्वी वशिल्यावाचून ज्यास जंगलातून सुटका नसे, त्यास हा मोठाच आधार झाला, हे नाकारता येणार नाही.

मात्र मग ‘अवघड’ कशास म्हणावे, यावर वाद आला. ७ एप्रिल २०२१ च्या धोरणात त्याच्या कसोट्या घातल्या: नक्षलग्रस्त वा पेसा क्षेत्र, अतिवृष्टी, हिंस्र श्वापदांचा उपद्रव, वाहनांचा अभाव, दूरध्वनी न पोहोचणे, डोंगराळ भूमी आणि हमरस्त्यापासूनचे अंतर. यांपैकी तीन तरी लागू पडाव्यात. पर्लकोटेस पूर आला म्हणजे जगापासून तुटणारे भामरागड आणि माणिकगड पहाडावरील जिवतीकडील गुडे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस ही यादी वाचून दाखवावयास नको.

६ ऑगस्ट २००२ च्या निर्णयान्वये अशा आदिवासी व नक्षलग्रस्त भागात असेपर्यंत एक स्तर वरची वेतनश्रेणी देऊ केली गेली. म्हणजे कष्टाचे मोल सरकारास कळते. ते पैशात मोजले जाते, ज्येष्ठतेत मात्र नाही. जंगलातील एक वर्ष आणि सडकेवरील एक वर्ष यादीत सारखेच.

या साऱ्यात ज्याचे नाव कोणत्याच यादीत नाही, तो म्हणजे विद्यार्थी. माडिया घरची बोली असलेल्या मुलास मराठी शिकविण्यापूर्वी गुरुजींस त्याची बोली शिकावी लागते. त्यास दोन-तीन वर्षे सहज जातात. आणि ती जीभेवर बसते न बसते तोच बदलीचा अधिकार प्राप्त होतो! अधिकार खरा आहे. गुरुजींसही म्हातारे आईबाप आहेत. परंतु मुलाचे नुकसानही तितकेच खरे आहे.

आमची अल्पमती सूचना अशी की, अवघड क्षेत्रातील वर्षे पदोन्नतीच्या वेळी दीडपट धरावीत, जिल्हा बदलला तरी ती पुसू नयेत, आणि मुलांची बोली आत्मसात करून जो स्वखुशीने तेथेच राहील त्यास मुख्याध्यापकपदी अग्रक्रम मिळावा. पाणिनीचे दोन्ही अर्थ तेव्हा एका ठिकाणी येतील.

तोवर आपल्या कुटुंबातील कोणी मुलगा वा सून त्या अरण्यात शिकवीत असेल, तर ‘अजून बदली नाही का?’ एवढेच पुसू नये. तेथील मुले आता किती वाचू लागली, हेही पुसावे.