संशोधनाच्या द्रव्याचा राखणदार

मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा आपणांपैकी बहुतेकांनी पाहिला असेल. कापसाचे विख्यात दलाल व आपले धर्मबंधू शेठ प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली विद्यापीठास ग्रंथालयाकरिता दोन लक्ष रुपये दिले आणि मनोऱ्याकरिता आणखी दोन लक्ष. मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला व त्यास त्यांच्या मातुःश्रींचे नाव मिळाले. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या त्या माउलीस घंटेवरून वेळ कळावी, असा हेतू होता असे सांगतात. ते काहीही असो. दोन्ही रकमा कारण सांगून दिलेल्या होत्या. पुढे १९३३ साली त्याच विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला. त्यालाही उद्योगपतींच्या देणग्यांचा आधार लाभला. अशा कारण सांगून दिलेल्या पैशाचा राखणदार म्हणजे संशोधन विभागाचा वरिष्ठ वित्ताधिकारी होय.

बहादरपूर-बऱ्हाणपूरच्या पेढीवर वाढलेल्या माणसास ह्या पदाचे मर्म चटकन उमगेल. आपल्या मंदिरांच्या वह्यांत देवद्रव्य, ज्ञानद्रव्य व साधारण ही खाती निराळी असतात, आणि देवद्रव्य साधारण खर्चास लावणे हा दोष मानला जातो. विद्यापीठातही एका प्रकल्पाचे अनुदान दुसऱ्यास लावता येत नाही. इतकेच नव्हे, तर यंत्रासाठी आलेल्या रकमेतून विद्यार्थ्याचे विद्यावेतनही मंजुरीवाचून देता येत नाही. पेढीवर मात्र एका सौद्याची शिल्लक दुसऱ्यात फिरविणे हे हुशारीचे लक्षण समजतात! म्हणून व्यापाऱ्याच्या मुलास ही नोकरी आरंभी जड जाते. हिशेब येतो, पण हात आवरत नाही.

खरे कौशल्य अर्जाच्या वेळीच लागते. शास्त्रज्ञ यंत्राची किंमत लिहितो, पण त्याची दुरुस्ती, वीज, जागा व कारकुनाचा वेळ विसरतो. तो भार मग विद्यार्थ्यांच्या फीवर पडतो. दिवाबत्तीचा खर्च न धरता भाव सांगणाऱ्या दुकानदाराची जी गत, तीच येथे.

केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे, आर्थिक वर्ष संपल्यावर बारा महिन्यांच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. अनुदान बँकेत असता त्यावर मिळालेले व्याजही भारताच्या एकत्रित निधीत भरावे लागते. व्याज परत करावयाचे, हे ऐकून आपल्यापैकी अनेकांच्या भुवया वर जातील!

प्रमाणपत्र रखडले की पुढचा हप्ता अडतो, आणि पहिली झळ विद्यावेतनावर राहणाऱ्या तरुण संशोधकास लागते. त्याच्या खोलीचे भाडे थकते, घरी पाठवावयाचे पैसे राहून जातात. शेजारच्या प्रकल्पाच्या खात्यात लाखो रुपये पडून असले तरी अधिकाऱ्यास त्यांना हात लावता येत नाही. विद्यापीठाच्या स्वतःच्या निधीतून उसनी रक्कम मिळविण्यासाठी तो वरिष्ठांकडे टिपण घेऊन जातो, आणि मंजुरी मिळाली तर तीही लेखीच घेतो.