घराण्यातला खोकला

“खोकला आमच्या घराण्यातच आहे,” असे आपल्या बेटावरच्या आजीबाई म्हणतात. घराण्याचा हात कितीसा, हे जर्मनीत हॅनोव्हरच्या वैद्यकीय विद्यापीठाने शोधले. सिस्टिक फायब्रोसिस या रोगात फुफ्फुसांत चिकट कफ साठतो. त्याचे जनुक १९८९ साली सापडले. आईबाप निरोगी, पण दोघांकडूनही सदोष जनुक आले तर मूल आजारी. प्रत्येक वेळी शक्यता चारांत एक. मग बोल एकट्या सुनेलाच का?

हॅनोव्हरकरांनी युरोपातली अशी आजारी जुळी व भावंडे तपासली. एकसारख्या जुळ्यांचा आजार पुष्कळसा सारखा निघाला. इतर भावंडांत, दोष तोच असूनही, एक बरा तर दुसरा खालावलेला. म्हणजे इतर जनुकेही भर घालतात. एका मुलाचा रोग कळला की धडधाकट दिसणाऱ्या भावंडांच्याही घामातले मीठ तपासतात.